आधी बोट, मग पाय, मग मोबाइल

"डोळे मिटा," सर सांगतात. "आता हिंगणघाट कुठे आहे ते बोटानं दाखवा. बोलायचं नाही. शेजाऱ्याला विचारायचं नाही."

डिसेंबरातला तिसरा शनिवार आहे. सकाळचे साडेनऊ. बुटीबोरीतल्या एका शाळेच्या मैदानावर सातवीची छत्तीस मुलं उभी आहेत. दप्तरं वर्गात, स्वेटर अंगावर, कानटोप्या अर्ध्या वर सरकवलेल्या. गवतावरचं दव अजून पुरतं उडालेलं नाही. महामार्गावरच्या ट्रकांची घरघर सतत कानावर येते आहे. मीही मुलांच्या मागे उभा राहून डोळे मिटतो आणि हात वर करतो.

"हात खाली न आणता डोळे उघडा."

हशा पिकतो. वडाच्या पारंब्या वाऱ्यावर कशाही पसराव्यात तसे सगळे हात. कुणी पूर्वेला, कुणी पश्चिमेला. दोघी मैत्रिणींची बोटं समोरासमोर येऊन एकमेकींच्या नाकाला टेकलेली. एकानं सरळ आभाळात बोट केलंय. माझं बोट शाळेच्या फाटकाकडे आहे, कारण मी त्या फाटकातून आत आलो. नागपूरहून इथवर येताना मोबाइलमधली बाई 'डावीकडे वळा, उजवीकडे वळा' सांगत होती आणि मी वळत होतो. मी कुठल्या दिशेनं आलो, हे माझ्या पायांना तर नाहीच, डोक्यालाही ठाऊक नाही.

"कुणाचं बरोबर?" एक मुलगी विचारते.

"आत्ता नाही सांगणार. बाराच्या पुढं पुन्हा विचारीन. तोवर मोबाइल माझ्या खिशात." सर खिशावर थाप मारतात. "आपला नियम काय?"

छत्तीस आवाज एकदम: "आधी बोट, मग पाय, मग मोबाइल!"

नियमाचा अर्थ मला मधल्या वेळात समजतो. कुठलाही प्रश्न आला की आधी अंदाज बांधायचा. मग पायांनी जाऊन मोजायचं. मोबाइल शेवटी, आणि तोही फक्त पडताळ्यासाठी. मोबाइलला आधी विचारलं की तो उत्तर देतो, आणि उत्तर मिळालं की प्रश्न मरतो, असं सरांचं म्हणणं.

मैदानाच्या मधोमध एक मीटर उंचीची बांबूची काठी रोवली जाते. ती सरळ उभी आहे का, हे पाहायला ओळंबा आहे: दोरीला बांधलेला दगड. एका मुलाचे वडील गवंडी आहेत, त्यामुळे ओळंब्याचा मान त्याचा. तो एक डोळा मिटून काठीकडे पाहतो आणि वडिलांच्याच थाटात म्हणतो, "अजून थोडी इकडं घे बे."

बरोबर दहाला काठीच्या सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवला जातो. टेप लावला जातो. एक मीटर बेचाळीस सेंटिमीटर. तेवढीच दोरी काठीला बांधून सर फक्कीनं एक मोठं वर्तुळ काढतात. दोरीच्या टोकाला एक मुलगी फक्कीचा डबा घेऊन वाकून वाकून फिरते.

"सावली आता आखडत जाईल. वर्तुळाच्या आत येईल. दुपारी पुन्हा लांबेल आणि सव्वादोन-अडीचच्या मधे कधीतरी पलीकडच्या बाजूनं वर्तुळाला शिवेल. तिथं दुसरा खडा. दोन खड्यांमधली रेघ म्हणजे नेमकी पूर्व-पश्चिम. होकायंत्र नको, काही नको. आपल्याकडचे जुने ज्योतिषी आणि वास्तू बांधणारे असंच करायचे. अशा काठीला ते शंकू म्हणायचे."

"सर, आमच्या टाकळघाटकडं असे गोल हायेत," मागून एक मुलगा म्हणतो. "दगडाचे."

सर खूश होतात. टाकळघाट इथून जवळच. तिथं आणि खापा इथं १९६८-६९ च्या सुमारास नागपूर विद्यापीठाच्या डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केलं आणि लोहयुगातल्या माणसांची वस्ती व शिळावर्तुळांतली दफनं उजेडात आणली. त्या लोकांनीही दगड आणून गोल मांडताना मध्ये कुणीतरी दोरी धरली असेलच की, असं सर म्हणतात. मुलगा आपल्या गावाच्या दगडांकडे आजवर गुरं चारताना बसायची जागा म्हणून पाहत आला आहे. आता त्याच्या चेहऱ्यावर जरा मालकी येते.

काठी आपलं काम करत राहते. मुलं दुसऱ्या कामाला लागतात.

चार गट. प्रत्येकाकडे एक मोबाइल, शिक्षकांचे किंवा पालकांचे मागून आणलेले. आता पडद्यावर नकाशा नाही, फक्त दोन आकडे: अक्षांश आणि रेखांश, अंश-मिनिट-सेकंदात. अक्षांश एकवीसला जरा कमी. रेखांश एकोणऐंशीच्या अगदी आसपास. पुस्तकात या रेषा 'काल्पनिक' असतात. इथं पाऊल टाकलं की शेवटचा आकडा हलतो.

"उत्तरेकडं सरळ चालायचं," सर सांगतात. "अक्षांशाचे तीन सेकंद वाढेपर्यंत. चालताना पावलं मोजायची. नंतर टेप."

"तीन सेकंद म्हणजे किती वेळ, सर?"

"हे घड्याळातले नाहीत. अंशाचे साठ भाग म्हणजे मिनिटं. मिनिटाचे साठ भाग म्हणजे सेकंद. पृथ्वीचा एवढुसा काप."

मैदान संपतं तिथून पुढं पडीक वावर आहे. मुलं मोबाइल छातीशी धरून लग्नातल्या वऱ्हाड्यांसारखी हळूहळू चालतात. आकडा बदलला की ओरडतात, मग तो पुन्हा मागं जातो, मग भांडतात. एका गटाचा मोबाइल जागेवर उभं राहिलं तरी आकडा बदलतोय. "सर, आमी चालून नाही राहिलो तरी हा चालून राहिला!"

सर चारही मोबाइल मागवून एका विटेवर शेजारी शेजारी ठेवतात. चारांचे चार आकडे. मुलं बुचकळ्यात.

"कोणचा खरा?"

"तुम्ही सांगा."

खूप वेळ कुणी बोलत नाही. मग लाल रिबीनवाली मुलगी हळूच म्हणते, "सगळेच थोडे थोडे चुकीचे असन."

उपग्रहांकडून येणारी लहर झाडं, भिंती आणि हवेतून वाट काढत येते. साध्या मोबाइलला जागा सांगताना पाच-दहा मीटरची चूक सहज होते. सर हे दोन वाक्यांत उरकतात, कारण ते मुलांना आत्ताच डोळ्यांनी दिसलं आहे. पडद्यावरचा निळा ठिपका किती ऐटीत एका जागी उभा असतो. त्याच्या पोटातली ही धाकधूक मी आज पहिल्यांदा पाहतो.

चार गटांची मापं भिंतीच्या फळ्यावर येतात. ८६ मीटर, ९२, ९९, ९१. बेरीज, भागिले चार. ९२ मीटर. म्हणजे एका सेकंदाला ३० मीटरांहून थोडं जास्त.

"आता गुणाकार करा. साठ गुणिले साठ."

एका अंशाला ११०.४ किलोमीटर.

"पृथ्वीला पूर्ण फेरी मारायला किती अंश?"

"तीनशे साठ!"

खडू कुरकुरतो. ३९,७४४ किलोमीटर. सर पुस्तक उघडतात आणि ध्रुवांवरून जाणाऱ्या पृथ्वीच्या परिघाचा आकडा वाचतात: सुमारे ४०,००८ किलोमीटर.

क्षणभर शांतता. मग ओळंबेवाला मुलगा: "आपण पृथ्वी मोजली का, सर?"

"मोजली की."

"पडीक वावरात?"

"पडीक वावरात. पण फुशारकी नको. चार गटांच्या चुका एकमेकींना खाऊन गेल्या, हे आपलं नशीब. पुढच्या शनिवारी तीच चाल केली तर आकडा बेचाळीस हजारही येईल. म्हणून तर चार गट. एकदाच मोजतो त्याला वाटतं आपण बरोबर आहोत."

या गडबडीत शाळेचा टॅबलेट एकाच्या हातून निसटून खाली पडतो. मातीत पडल्यामुळे फुटत नाही, पण मुलाचा चेहरा पांढरा पडतो. सर टॅबलेट उचलून शर्टाला पुसतात आणि ओरडण्याऐवजी गोष्ट सुरू करतात. दोनशे वर्षांपूर्वी एक इंग्रज लष्करी अधिकारी होता, विल्यम लॅम्बटन. १८०२ साली मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळीनं सुमारे बारा किलोमीटरची एक सरळ रेघ त्यानं मोजली. त्या एका रेघेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचत तो देश मोजत निघाला. कोन मोजायला त्याच्याकडे थिओडोलाइट होता. वजन अर्धा टन. १८०८ मध्ये तंजावरला, म्हणजे भोसल्यांच्या तंजावरला, तिथल्या उंच मंदिरावर तो चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटून मोडलं.  तंबूत बसून सहा आठवडे त्यानं ते स्वतःच्या हातानं दुरुस्त केलं.

"तुझा टॅबलेट पडला तो दीड हातावरून," सर म्हणतात. मुलगा हसतो. रंग परत येतो.

शाळेच्या ओट्यावर खिचडी शिजवणाऱ्या मावशी तांदूळ धुता धुता हे सगळं बघताहेत. सर त्यांना हाक मारतात. "मावशी, या इकडं. तुमचं वावर कुठं होतं, या पोरांना दाखवा."

टॅबलेटवर वरून घेतलेला फोटो आहे. निळी-पांढरी छपरं, चौकोनी रस्ते, औद्योगिक वसाहत. मावशी ओल्या हातांनी पदर सावरत पाहतात आणि मान हलवतात. "काही समजत नाही बापा. सगळे पत्रेच दिसते."

"थांबा." सर टॅबलेट हातात न ठेवता जमिनीवर ठेवतात आणि वर्तुळातल्या सावलीकडे बघत फिरवतात. पडद्यावरची उत्तर आता खऱ्या उत्तरेकडे. "आता बघा. शाळा ही. तुम्ही इथं उभ्या आहात."

मावशी उकिडव्या बसतात. एकदा पडद्याकडे, एकदा समोर क्षितिजाकडे पाहतात. बोट पडद्याला न लावता हवेत फिरवतात. "हा नाला. हा असा वळते न? त्या वळणावर मोहाचं झाड. मोहापासून उगवतीकडं आमची विहीर." आणि बोट नेमकं एका लांब निळ्या छपरावर येऊन थांबतं. "हे इथं. या पत्र्याखाली."

सर काळाचा काटा मागं सरकवतात. १९८४ पासूनची उपग्रहचित्रं एकामागून एक मागं जातात. छपरं विरघळत जातात, रस्ते पुसले जातात, आणि उरतात तपकिरी-हिरवे तुकडे. जुनी चित्रं फार धूसर आहेत. त्यांत विहीर दिसणं शक्य नाही, मोहाचं झाडही नाही. पण नाला त्याच जागी, तसाच वळलेला.

"नाला नाही हालला," मावशी म्हणतात. बस, एवढंच. आणि खिचडी लागेल म्हणून उठून जातात.

मुलं टॅबलेटभोवती कोंडाळं करतात. त्यांना छपरं उगवताना पुन्हा पुन्हा बघायची आहेत. मी मात्र त्या टॅबलेट फिरवण्यापाशीच थांबलो आहे. मावशींना नकाशा वाचता येत नव्हता असं नाही. नकाशा जमिनीकडे पाठ करून उभा होता, इतकंच. आपण सगळे हल्ली नकाशाला आपल्याभोवती फिरायला लावतो. ठिपका मधोमध, जाण्याची दिशा कायम वर, आणि जग आपल्या पायाखाली सरपटणारं. इथं सर नकाशाला जमिनीची शिस्त लावतात. मग ज्या बाईनं शाळेत नकाशा पाहिला नसेल, तिलाही चाळीस वर्षांपूर्वीची विहीर सापडते.

नागपुरात, इथून तीसेक किलोमीटरवर, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून आहे. मातीचे नकाशे करणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था तिथंच आहे. इस्रोचं 'भुवन' २००९ पासून कुणालाही घरबसल्या उघडता येतं. दहावीच्या भूगोलाचा पहिलाच धडा 'क्षेत्रभेट' आहे, त्यात मुलं नळदुर्गहून अलिबागला जातात. वरून बघायची साधनं आणि बाहेर जायचा धडा, दोन्ही आपल्याकडे आहेत. पुष्कळदा तो धडा वर्गात बसून वाचला जातो आणि ती चित्रं कुणी जमिनीवर ठेवून फिरवत नाही. दोघांची गाठ पडायला एक नाला लागतो आणि तो ओळखणाऱ्या मावशी लागतात.

साडेअकरा वाजले आहेत. शनिवारची सकाळची शाळा खरं तर सुटली. कुणी घरी जात नाही.

ओट्यावर सर चार मोठे कागद पसरतात. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या जुन्या नकाशांच्या झेरॉक्स. कडा एकमेकींना जुळवून चिकटपट्टी लावली आहे. प्रत्येक नकाशा एक अंश रुंद, एक अंश उंच. त्यांचे क्रमांक ५५ के, ५५ एल, ५५ ओ, ५५ पी.

"बुटीबोरी शोधा."

मुलं कागदाच्या मध्यावर शोधतात. नागपूर ५५ ओ मध्ये सापडतं, वर्धा आणि हिंगणघाट ५५ एल मध्ये. बुटीबोरी काही केल्या सापडत नाही. शेवटी चिकटपट्टीच्या खाली सापडते.

एकवीस अक्षांश आणि एकोणऐंशी रेखांश गावाच्या थोडं उत्तरेला एकमेकांना छेदतात. चारही नकाशांचे कोपरे तिथंच भेटतात. म्हणून आसपासचा मुलूख पाहायचा तर एका कागदानं भागत नाही, चार जोडावे लागतात. "आपलं गाव कोपऱ्यात हाय का मग?" एकजण जरा नाराज होऊन विचारतो. सर चिकटपट्टीवरून बोट फिरवतात. "कोपऱ्यात नाही रे. सांध्यात आहे. नागपूरहून येणारा रस्ता इथं फुटतो, एक फाटा वर्ध्याकडं, एक हिंगणघाटावरून हैदराबादेकडं. रेल्वेचाही एक फाटा इथून उमरेडला जातो. सांधा म्हणजे जिथून हात हलतो ती जागा."

मग तांब्याभर पाणी. सर ते ओट्याखालच्या मातीवर सावकाश ओततात. पाणी क्षणभर घुटमळतं, काळ्या मातीतल्या भेगांत थोडं जिरतं आणि उरलेलं एका बाजूला निघतं.

"कुठं चाललं?"

"नाल्याकडं."

"पुढं?"

"वेणेत."

"पुढं?"

इथून आवाज कमी होत जातात. वेणा हिंगणघाटला जाते, तिथले लोक तिला वणा म्हणतात, हे एकीला माहीत आहे, कारण तिची आजी तिकडची. नकाशावर बोटं नदीच्या निळ्या रेघेवरून सरकू लागतात. वेणा वर्धा नदीला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र आल्या की प्राणहिता. प्राणहिता गोदावरीत. आता चार नकाशे संपलेत. दोन मुलं बोट तसंच पुढं नेत ओट्याच्या फरशीवर आणतात, फरशीवरून भिंतीपर्यंत.

"समुद्र!" भिंतीला हात लावून ती ओरडतात.

"कुठला?"

"मुंबईचा," अर्धा वर्ग.

"बोट कुठल्या बाजूला गेलं?"

सगळे भिंतीकडे बघतात. पूर्वेची भिंत. सकाळी सूर्य जिथून वर आला ती. महाराष्ट्रात राहून आपलं पाणी मुंबईच्या समुद्राला जात नाही, ते आंध्रातून बंगालच्या उपसागराला मिळतं. ही गोष्ट पुस्तकात पाठ केलेली असूनही आत्ता नव्यानं कळल्यासारखे चेहरे होतात. टॅबलेटवर सर नदीचा तोच मार्ग दाखवतात. मुलं एकदा बघून 'हो' म्हणतात. त्यांच्या बोटांना तो आधीच माहीत झालेला आहे.

"काठी!" कुणीतरी ओरडतं, आणि सगळे मैदानाकडे धावतात.

अकरा पन्नासपासून दर चार-पाच मिनिटांनी माप. नव्याण्णव सेंटिमीटर. अठ्ठ्याण्णव. अठ्ठ्याण्णव. पुन्हा अठ्ठ्याण्णव.

"सर, सावली थांबली."

"सकाळी कशी पळत होती?"

"लय. आता हालतच नाही."

"म्हणून जुनी माणसं दुपारी बाराची वाट पाहत बसत नसत. सर्वांत आखूड सावली नेमकी कधी, हे तेव्हा पकडता येत नाही. सकाळी आणि तिसऱ्या प्रहरी ती पळत असते, तेव्हा वर्तुळावर पकडायची आणि मधली जागा काढायची." सकाळच्या फक्कीच्या वर्तुळाचं कोडं मला आत्ता उलगडतं. दोघं मुलं सव्वादोनपासून इथं थांबणार आहेत, दुसऱ्या खड्यासाठी. त्यांची नावं ठरलेली आहेत आणि ती जरा ऐटीत आहेत.

बारा वाजून बारा मिनिटं. सूर्य आज यापेक्षा वर चढणार नाही. बाराच का नाही? कारण आपल्या घड्याळातली वेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, आणि आपण त्याच्या साडेतीन अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे चौदा. "मग बारा चौदा पाहिजे," लाल रिबीनवाली लगेच पकडते. "दोन मिनिटांचा हिशेब नववीत," सर हसत सांगतात. "तोवर विसरू नकोस."

पण मुलांचं लक्ष दुसरीकडे गेलं आहे. काठी शंभर सेंटिमीटर. सावली अठ्ठ्याण्णव. जवळजवळ सारखीच.

"म्हणजे सर, आत्ता सगळ्याची सावली त्याच्याएवढी?"

सर उत्तर देत नाहीत. खिशातून टेप काढून देतात. वर्षातले सर्वांत लहान दिवस, सूर्य दक्षिणेला झुकलेला, आणि बुटीबोरीच्या आभाळात तो भर दुपारी जेमतेम पंचेचाळीस अंशांवर. ही संधी वर्षातून एकदाच येते. तिच्यासाठीच हा शनिवार निवडला होता, हे आता कळतं. मुलं पांगतात. झेंड्याचा खांब मोजला जातो, कडुनिंब मोजला जातो, हँडपंप मोजला जातो. ज्या कडुनिंबावर चढायची मनाई आहे त्याच्या शेंड्याची उंची जमिनीवर रांगत मोजली जाते. दोघी मैत्रिणी एकमेकींची सावली मोजतात आणि कोण उंच यावरून पुन्हा भांडतात. होकायंत्राचं ॲप उघडून एकजण लोखंडी खांबाजवळ जातो. सुई भलतीकडेच वळते. तो काठीच्या सावलीकडे बघतो, मोबाइलकडे बघतो आणि मोबाइल सरांना परत देतो.

"चला, उभे राहा. डोळे मिटा. हिंगणघाट."

हात वर जातात. या वेळी मी डोळे मिटत नाही. छत्तीसपैकी तीसेक हात दक्षिणेकडे, किंचित पश्चिमेला कललेले, काठीच्या सावलीकडे पाठ करून. उरलेले थोडे इकडे तिकडे. आभाळात कुणाचंच बोट नाही.

"लॅम्बटन तिथंच आहे," सर म्हणतात. आवाज आता खाली आलेला. "वीस वर्षं दक्षिणेकडून मोजत मोजत वर आला. सत्तरीच्या आसपासचा म्हातारा. हैदराबादहून नागपूरला निघाला होता आणि जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटच्या मुक्कामात वारला. त्याचं थडगं तिथं आहे. पुढं नागपूर फक्त पंचाहत्तर किलोमीटर राहिलं होतं. आणखी दोन-चार मुक्काम चालला असता तर या भागातून गेला असता." पुढं एव्हरेस्टनं ते काम हाती घेतलं आणि जगातल्या सर्वांत उंच शिखराला त्याचं नाव मिळालं. हिंगणघाटातल्या माणसाला काहीच मिळालं नाही. महामार्गाची घरघर ऐकू येते. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा तोच हा रस्ता, आणि लॅम्बटनची साखळीही साधारण त्याच कण्यावरून वर सरकत आलेली.

मावशी खिचडीसाठी हाका मारताहेत. मुलं पळतात. एकजण मागं राहतो. याचे वडील वसाहतीतल्या कारखान्यात कामाला आहेत, घर बिहारात गयेजवळ. नागपुरी मराठी इतरांसारखीच बोलतो.

"सर, माझं गाव सकाळी मी तिकडं दाखवलं असतं." नागपूरच्या रस्त्याकडे बोट. "गाडी तिकडूनच सुटते न."

"आणि आता?"

तो स्वतःच्या पायाशी पाहतो. त्याची सावली उत्तरेला पडली आहे, जवळजवळ त्याच्याएवढीच. तो तिच्यावर नजर ठेवून उजवीकडे वळू लागतो, काटकोनाच्या निम्म्यावर थांबतो, मनाशी काहीतरी जुळवतो आणि अजून थोडा वळतो. मग हात वर. कडुनिंबाच्या डाव्या अंगानं, पाण्याच्या टाकीवरून.

सर आता खिशातून मोबाइल काढतात. बुटीबोरीपासून गयेपर्यंत सरळ रेघ. सुमारे साडेसातशे किलोमीटर. रेघ गोंदियाजवळून जाते, पुढं अमरकंटकाच्या आसपासून, जिथं नर्मदा उगम पावते, आणि ईशान्येकडं थोडी पूर्वेला कलून निघून जाते. सर मोबाइल जमिनीवर ठेवतात, सावलीला जुळवून फिरवतात. रेघ आणि बोट यांच्यात चार बोटांचंही अंतर नाही.

मुलगा रेघेकडे फारसं बघत नाही. अजून हात तसाच धरून टाकीच्या वरच्या आभाळाकडे पाहतो आहे.

"सर, मूठभर फक्की देता का?"

"काहून रे?"

"अंगणात रेघ मारतो. आईले दाखवाची आहे."

"घरी गेल्यावर सावली फिरली असेल. मग उत्तर कशी काढशील?"

तो जरा थांबतो. काठीकडे बघतो, मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

"आज नाही," तो म्हणतो. "उद्या. बारा वाजून बारा मिनिटांनी." आणि डब्यातून मूठ भरून घेतो.